डोंगर पितो!

"शी! झऱ्याच्या पाण्याला खरकट्याचा वास येतोय!"

"तुला तर गुलाबालाही घाण वास येतो!" भोंगा ओरडला. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. त्याची मावसबहीण ऊठसूट शी शी करायची, म्हणून घरात सगळे तिला शीताईच म्हणत. तिने पेला त्याच्या नाकाखाली धरला. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि त्यात लांबलचक केस! भोंग्याने पेला दूर ढकलला.

सुट्टीत दोघं मावशीच्या सरबताच्या टपरीवर मदत करत. गुहा आणि धबधबा बघायला निघालेले लोक या झऱ्यापाशी थांबत. परवा इथे झऱ्याच्या पाण्याचं सरबत पिऊन सहलीतली मुलं भडाभडा ओकली. वरच्या हॉटेलचा मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, "टपरीवालीची भांडीच घाण!" आज आरोग्य खात्याचे साहेब टपरी बंद करायला येणार होते. मावशी सकाळपासून तीच भांडी पुन्हा पुन्हा घासत होती. शीताईला ते बघवेना.

"चल वर!" ती म्हणाली.

हॉटेलमागे मोरीचा पाइप थेट कातळाच्या भेगेत खुपसला होता. भोवती कुजलेली शितं, काळा फेस आणि माशाच माशा! शीताईने नाक दाबलं.

"काका, हे पाणी जातं कुठे?"

"डोंगर पितो!" मॅनेजर फुशारला. "खड्डा नको, उपसा नको. डोकं लागतं, बाळ!"

त्याची पाठ वळताच भोंग्याने खिशातली बाटली काढली. सरबताचा हिरवा रंग! सगळा भेगेत ओतून दोघं धूम पळाली.

साहेब कुलूप घेऊन आले. मजा बघायला मॅनेजरही आला.

"साहेब, आधी झरा बघा!" शीताई म्हणाली.

पाणी हिरवंगार झालं होतं!

"शेवाळं असेल," मॅनेजर म्हणाला.

"नाही हो काका, तुमच्या मोरीत आम्ही रंग ओतला! तुमचा डोंगर पितो आणि आम्हाला पाजतो!" भोंगा ओरडला.

साहेबांनी पेला भरून मॅनेजरपुढे धरला. "घ्या!"

मॅनेजर तोंड वाकडं करून मागे सरला. साहेबांनी मग हॉटेलच्या स्वयंपाकघरालाच कुलूप ठोकलं.

"शाबास, पोरांनो! हे मीच आधी शोधायला हवं होतं."

मावशीने दोघांना पोटाशी धरलं. पण भोंग्याचा चेहरा पडला होता.

"मावशी, म्हणजे सुट्टीभर आपण ते..."

पुढचं त्याला बोलवेना. तोंड दाबून तो झुडपामागे पळाला आणि साहेबही त्याच्या मागोमाग. येताना त्यांनी खाली वाटेत याच झऱ्याचं ओंजळभर पाणी प्यायलं होतं!