कप्तानाची हजेरी

सागरी इतिहास विभागाला यंदा एकही विद्यार्थी मिळाला नाही. विभाग म्हणजे काय, तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, काचेच्या पेटीतलं एक लाकडी जहाज आणि मी. विद्यापीठाची अधिष्ठाता माझीच सख्खी थोरली बहीण. घरी ताई, इथे मॅडम. भर दुपारी ती कुलूप घेऊनच आली.

"तुझ्या विषयाला भविष्य नाही गं," ती म्हणाली. "मी तरी किती दिवस तुझी बाजू घेऊ?"

"पहिला तास घेऊ दे. मग खुशाल लाव टाळं." माझं डोकं सणकलं होतं. सगळं आयुष्य मी या खोलीत घातलं होतं.

ताई दारातच थांबली. लहानपणापासून तिला पाण्याचं वावडं. त्या पेटीतल्या जहाजाजवळसुद्धा ती कधी फिरकली नाही.

आमच्या पहिल्या तासाची एक रीत आहे. पेटीतलं जहाज ज्याची प्रतिकृती आहे, ते खरोखरच बुडालं होतं आणि त्यावरच्या माणसांची नावं कुठेच उरली नाहीत. म्हणून मी त्यांना त्यांच्या कामाच्या नावाने हाका मारते आणि मुलं त्यांच्या वतीने 'हजर' म्हणतात. कप्तानाच्या हाकेला मात्र कुणी ओ द्यायची नाही. तिथे सगळे गप्प राहतात आणि हजेरी संपते.

रिकाम्या बाकांकडे बघून मी हाक दिली, "सुतार!"

"हजर."

मला वाटलं, ताई चेष्टा करतेय. वळून बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक.

"कोण आहे तिकडे?" मी ओरडले. मग मी हट्टालाच पेटले.

"आचारी!"

"हजर." दुसऱ्याच बाकावरून.

"खलाशी!"

"हजर. हजर. हजर."

बाकांखालून पाणी वाहत आलं. अगं बाई, नळ तर सकाळपासून कोरडे होते!

"बास कर," ताई पुटपुटली. "माझी शपथ आहे तुला."

मी घाबरले. कप्तानाची हाक झाली की हजेरी संपते, एवढंच मला सुचलं.

"कप्तान!"

शांतता.

मी हुश्श केलं.

"हजर," ताई म्हणाली.

रिकामी बाकं करकरली. वर्ग उठून उभा राहतो तेव्हा करकरतात, तशीच.

नंतर बघितलं तर फरशी कोरडी होती. ताईने कुलूप पर्समध्ये टाकलं. मग ती सरळ पेटीतल्या जहाजापाशी जाऊन उभी राहिली.

"विभाग चालू राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मुलं येतील. अख्खं शहर येईल."

बोलताना तिच्या ओठांतून पाणी ओघळलं. ते तिने रुमालाने टिपलं, नेहमीसारखं, घडी न मोडता.