मानसला रडवायचं नव्हतं

सरांनी ऑनलाइन वर्गात जोड्या पाडल्या आणि संहिताच्या वाट्याला आला मानस. सोशल वर्कचं पहिलं वर्ष, त्यात लॉकडाऊन. मग फील्डवर्क म्हणजे काय, तर फोनवर रोल-प्ले. एकानं अडचणीतला माणूस व्हायचं, दुसऱ्यानं त्याला धीर द्यायचा.

"बोला भिया, काय तकलीफ आहे?" सुदामा नगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवरून संहितानं विचारलं.

"बाबांची दुकानातली नोकरी गेली," तो थांबत थांबत म्हणाला. "मी तोंडाला गमछा बांधून जेवणाच्या पॅकेटसाठी लाइनीत लागतो... कोणी ओळखू नये म्हणून."

काय आवाज होता त्याचा! संहिता ऐकतच राहिली. मग रोजच फोन व्हायला लागले.

"तुझ्याशी बोललं की अभ्यास होत नाही यार," तो म्हणायचा.

"मग ठेवू फोन?"

"ठेवून तर बघ..."

पण संहिताच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. पुढच्या वर्गात तिनं सगळं रंगवून सांगितलं, गमछ्यासकट. "सर, काय ॲक्टिंग केली यानं, एकदम असली." सगळे हसले. मानस वर्गातून निघून गेला. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला – ती ॲक्टिंग नव्हती.

संहिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं विश्वासानं सांगितलेलं आपण चारचौघांत हसण्यावारी नेलं, आणि म्हणे लोकांना धीर देणार. तो फोन उचलेना, वर्गात येईना.

निर्बंध सैल झाले तशी ती स्कूटीनं राजेंद्र नगरला त्याच्या घरी गेली. तो फाटकाशीच उभा होता. मास्कवर नुसते डोळे दिसत होते, आणि तेही तिच्याकडे बघत नव्हते.

"चुकलं माझं. लाज वाटते मला," ती म्हणाली. "कॉलेज सोडू नकोस, माझ्यामुळे तर नकोच."

"खरं सांग, कीव येते म्हणून आलीस ना?"

"कीव आली असती तर डबा घेऊन आले असते." तिचे डोळे वाहायला लागले. "रिकाम्या हातानं आलेय. तू... आवडतोस मला."



"चहाला दूध नाहीये घरात," मान खाली घालून तो म्हणाला.

"काळा पिईन."

त्यानं फाटक उघडलं. "ये. पण आधी डोळे पूस."

"का?"

"आईला वाटेल, मी रडवलं. आणि... पहिल्याच भेटीत तू तिला पसंत पडायला हवीस."