ताईच्या कपातली शाई

"लंबू, बघ की! ताईचा चहा काळाकुट्ट आणि आपला तांबूस! किटली एकच ना रे?" तलावाच्या काठावर चष्मिश कुजबुजली.

"एकच!" तिचा आतेभाऊ लंबू म्हणाला. "काहीतरी घोळ आहे!"

ताई चष्मिशची थोरली बहीण, शाळेतली सगळ्यात वेगवान पोहणारी. सुट्टीच्या सुरुवातीलाच तिच्या रक्तात लोह कमी निघालं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, तरी बिचारीला दोन फेऱ्यांतच धाप लागायची. त्यात सुट्टीतल्या पोहण्याच्या शिबिराचे हे प्रशिक्षक सर! स्वतः गुडघाभर पाण्यापुढे कधी गेले नाहीत, पण शिट्टी मात्र दिवसभर तोंडात. उथळ पाण्याला खळखळाट फार!

"आळशी कुठली! शनिवारी स्पर्धेच्या संघाची यादी लागणार. तोवर सुधारली नाहीस तर नाव कट!" ते सगळ्यांदेखत ओरडले. ताई कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली. चष्मिशला ते बघवेना.

शिबिरात सगळ्यांची औषधं सरांच्या कपाटात असत. दुसऱ्या दिवशी दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दबा धरून बसले. सरांनी ताईची गोळी कुटली आणि कडक कोऱ्या चहात ढवळली. चहा बघता बघता काळा पडला!

"गोळी पाण्याबरोबर घेऊन कसली येतेय ताकद?" सर आचाऱ्याला ऐकवत होते. "ही माझी पद्धत! रंग बघा, रंग!"

शहाणपण नुसतं उतू चाललं होतं! ताईने निम्मा टाकलेला तो चहा दोघांनी बाटलीत भरला आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! चहातलं तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवतं. मग अंगाला लागणार काय? लोहाशिवाय रक्त प्राणवायू वाहून नेणार कसा? धाप लागणारच! पूर्वी लोह आणि तुरट साली उकळून अशीच शाई करायचे."

"शाई?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सरांना सांगून बघितलंच. "कालची पोरं मला शिकवणार? चला, पळा!"

बरं तर!

शनिवारी पालक जमले, मुख्याध्यापकबाई आल्या, डॉक्टरबाईही आल्या. फलकावर काळ्या अक्षरांत भला मोठा कागद झळकत होता : 'ताईचं औषध. लिहायला उत्तम, प्यायला फुकट!'

"कुणाचा हा आगाऊपणा?" सर कडाडले. "आणि ही शाई आणली कुठून?"

"तुम्हीच केलीत, सर! ताईच्या कपात, रोज सकाळी!" चष्मिशने बाटलीत उरलेला काळा चहा पुढे धरला.

डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं. सरांचं तोंड एवढंएवढंसं झालं. "यादी आता रक्ताच्या पुढच्या तपासणीनंतर!" मुख्याध्यापकबाईंनी बजावलं. "शाबास रे पोरांनो! मोठ्यांनी डोळे मिटले होते, तुम्ही उघडे ठेवलेत."

त्या दिवसापासून गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा त्यानंतर दोन तासांनी. सुट्टी संपता संपता ताईचं रक्त सुधारलं. न थांबता दहा फेऱ्या मारून ती हसत बाहेर आली!

यादी लागली. पहिलं नाव ताईचं. ते लिहिलं होतं सरांनी, मुख्याध्यापकबाईंच्या देखरेखीखाली. चष्मिशने कागदाला नाक लावलं.

"काय गं?" लंबूने विचारलं.

"काही नाही. शाई दुकानातली आहे ना, एवढं बघितलं!"