उलटी चालणारी घळ

पाणी वरून खाली वाहतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग प्रवरेच्या काठची ती घळ खालून वर, थेट चुनवाडीच्या खो-खोच्या मैदानाकडे कशी चालत येत होती? या प्रश्नाने कादंबरी वर्पेची झोप उडाली होती. ती गावच्या संघाची कप्तान. तालुक्याची ढाल त्यांनी याच मैदानावर घाम गाळून मिळवलेली. आता घळीची कड कुंपणाला येऊन भिडली होती आणि या पावसाळ्यात मैदान जाणार, असं जो तो म्हणत होता.

गाव हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. दरवर्षी घळ नदीला मिळते तिथे सगळे मिळून माती टाकायचे आणि तिचं तोंड बुजवायचे. घळ नदीकडून येते, तेव्हा तिला नदीपाशीच अडवायची, असा सरळ हिशेब. पहिल्याच पुरात ती माती वाहून जायची आणि वर घळ आणखी पुढे सरकलेली असायची.

म्हणून २०६१ सालच्या उन्हाळ्यात सरपंच हौसाकाकूंनी जमिनीची पाहणी करणारा यंत्रमानव मागवला. आठ पाय, चपटी पाठ आणि दांड्यांवर बसवलेले डोळे. पोरांनी त्याचं नाव लगेच 'खेकडा' ठेवून टाकलं आणि त्यालाही ते आवडलं. इथलं काम आटोपून तो पुढच्या वर्षी मंगळावर जाणार होता.

काकूंनी कादंबरीला बाजूला घेतलं. "पाव्हण्याला घळ दाखव, पन ते शेंदराचे दगड नको बरं दाखवू. शिकलेला हाय तो, हसंल आपल्याला."

चुनवाडीत दर अक्षय्य तृतीयेला घळीच्या कडेवर एक मोठा दगड ठेवतात, त्याला तेल-शेंदूर लावतात आणि 'इथून पुढं येऊ नकोस' असं घळीला बजावतात. हा राखणदगड. घळ कुणाचं ऐकतेय! पावसात कड ढासळते, दगड खाली पडतो आणि पुढच्या वर्षी नवा ठेवावा लागतो.

आता लपवायचे तरी कसे? खेकडा तुरुतुरु घळीत उतरला आणि नेमका एका शेंदरी दगडापाशी थांबला. त्याच्या खालच्या अंगाला एकामागे एक दगडांची रांगच होती. जुन्यांचा शेंदूर उडाला होता, पण तेल मुरून ते काळे पडले होते.

"हे कुणी ठेवले?"

कादंबरीचे कान लाल झाले. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि तो हसायची वाट पाहत उभी राहिली.

खेकडा हसला नाही. "कादंबरी, हे दगड पुराला हलणारे नाहीत. म्हणजे ज्या वर्षी कड जिथे होती, तिथेच त्या वर्षीचा दगड पडलाय. घळ कशी चालत आली, हे तुमच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या मोजून ठेवलंय. असं मोजमाप मी कुठेच पाहिलेलं नाही!"

कादंबरीची मान आपोआप ताठ झाली. "पण ती वर का येते?"

खेकड्याने ओल्या मातीचा सपाट माथ्याचा ढीग केला आणि त्याची एक बाजू उभी कापली. "ओत पाणी माथ्यावर. हळूहळू."

कादंबरीने बाटली कलती केली. पाणी कडेवरून खाली पडलं आणि पडलं तिथे खड्डा झाला. खड्ड्याने कडेचा तळ पोखरला. वरची माती अधांतरी राहिली आणि धप्पकन कोसळली. कड बोटभर मागे सरकली. पाणी नव्या कडेवरून पडू लागलं आणि पुन्हा तेच.

"अय्या! पाणी पुढं चाललंय आणि कड मागं येतेय!"

"यालाच शीर्षाभिमुख झीज (घळीच्या माथ्याकडे सरकत जाणारी झीज) म्हणतात," खेकडा म्हणाला. "ही सगळी जमीन प्रवरेनेच हजारो वर्षं गाळ टाकून रचलेली. खाली कातळ आहे, पण फार खोल. पुढे नदीने आपलं पात्र खोल केलं, तेव्हा तिला मिळणारं पाणी उंचावरून पडू लागलं. त्यात इथे पाऊस मोजका, पण कोसळतो तेव्हा धो-धो. उघड्या मातीवर आधी चरी पडतात, चरींच्या घळी होतात आणि घळींना फाटे फुटतात. अशा चिरफाळलेल्या प्रदेशाला उत्खातभूमी (पाण्याने खणून काढलेली जमीन) म्हणतात."

"म्हणजे आम्ही तोंड बुजवत बसलो आणि ती डोक्याकडून वाढत राहिली!"

"बरोबर. आता दगडांमधली अंतरं बघ."

खालचे दगड जवळजवळ होते. वरचे मात्र लांब लांब. अंतर जिथून वाढलं होतं, त्या दगडावर नावं कोरलेली होती. कादंबरीने ती बोट फिरवत वाचली. मैदान झालं त्या वर्षी गावच्या पहिल्या संघाने ठेवलेला तो दगड. पहिलंच नाव हौसाकाकूंचं.

गवत काढून सपाट केलेलं मैदान घळीकडे किंचित उतरतं होतं. सगळं पाणी एकाच जागी पडत होतं. ज्या मैदानासाठी जीव तुटत होता, तेच घळीला बळ देत होतं!

संध्याकाळी तिने हे काकूंना सांगितलं. काकू उठून उभ्या राहिल्या. मग पदर खोचत म्हणाल्या, "म्हंजी आम्हीच तिला पानी पाजलं व्हय! चला, आता आम्हीच तोडतो तिचं पानी."

आठवडाभर सारं गाव राबलं. मैदानाचा उतार फिरवला. कडेच्या अलीकडे चर खणून पाणी गवताळ ओढ्याकडे वळवलं. घळीत अनघड दगडांचे बांध घातले आणि कडेवर मुळांनी माती धरून ठेवणारी घायपात लावली.

पावसाळ्यात एकदा असा पाऊस झाला की समोरचं दिसेना. उघडीप मिळताच कादंबरी चिखल तुडवत धावली. कडेवर राखणदगड तसाच उभा होता. तिने बोंब ठोकून सगळं गाव गोळा केलं.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला चुनवाडीला नवा दगड लागला नाही. काकूंनी जुन्यालाच शेंदूर लावला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मंगळाकडे निघण्याआधी निरोप घ्यायला आलेला खेकडा म्हणाला, "मंगळावरही घळी आहेत. त्या किती सरकतात ते मला तुमच्या रीतीने मोजायचंय."

"शेंदूर नेऊ नकोस," कादंबरी म्हणाली. "तिथं सगळंच लाल, दिसायचा नाही. पांढरा रंग ने."

मंगळावरून आलेलं पहिलं छायाचित्र गावाने शाळेच्या भिंतीवर मोठं करून पाहिलं. तांबड्या घळीच्या कडेवर एक पांढराशुभ्र दगड होता आणि खाली लिहिलं होतं, 'राखणदगड, चुनवाडी पद्धत.'