दादासाठी सोडलेली जागा

मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की सांगता येते, कारण तेव्हा मोबाईल माझ्याच हातात होता. बाकी त्या दिवशी सकाळपासून वेगळं असं काहीच नव्हतं. मी कामाला गेले की शेजारची मावशी माझ्या गुंडीला सांभाळते. त्या दिवशी मावशीची दाढ ठणकत होती, म्हणून मी गुंडीला कडेवर घेऊन बाईंकडे गेले. एवढंच.

बाई म्हणजे पियानोवाल्या बाई. वयाने माझ्या आईएवढ्या असतील. लहानपणापासून शास्त्रीय पद्धतीने शिकलेल्या. सकाळी समोर परदेशी सुरांचे कागद लावून वाजवायच्या, आणि एक बोट जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. दुपारी मात्र ते कागद मिटून ठेवायच्या आणि जॅझ वाजवायच्या. जॅझ म्हणजे नक्की काय हो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी मी फार शहाण्यासारखी वागते ना, त्याचा दुपारी सूड घेते."

आठवड्यातून दोनदा त्या मोबाईलवरून थेट वाजवायच्या. कुठले कुठले लोक ऐकायचे. आमच्याकडे टळटळीत दुपार आणि ऐकणाऱ्यांकडे कुणाकडे संध्याकाळ, कुणाकडे पहाट. माझी केरफरशी झाली की मोबाईल सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. लोक निरोप लिहायचे, ते वाचायचे आणि जमेल तशी उत्तरं द्यायची. बाईंचे हात पट्ट्यांवर, त्यांना कुठून जमणार?

ती खोली तुम्ही बघायला हवी. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद, त्यांवर जाड पडदे, आणि भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं. दार लावलं की बाहेर भर उन्हात माणसं चालतायत हे खरंच वाटायचं नाही. एक दिवा पियानोवर, तेवढाच उजेड. बोललेला शब्द तोंडासमोरच विरून जायचा. स्वतःच्या कानातली शिट्टी ऐकू यावी इतकी शांतता. आणि कोपऱ्यात काळ्या खोळीत उभं केलेलं ते वाद्य, माणसापेक्षा उंच. अंधारात नजर गेली की दर वेळी वाटायचं, कुणीतरी खांदे पाडून उभं आहे.

ते बाईंच्या दादाचं. चार जाड तारांचं, खर्जात घुमणारं वाद्य. दोघं बहीणभाऊ आयुष्यभर जोडीने वाजवत आले होते. त्यांची एक रीत होती. चार आवर्तनं बाई वाजवणार, मग हात मांडीवर ठेवून गप्प बसणार. पुढची चार दादाची. पुन्हा बाई, पुन्हा दादा. तासनतास असं बोलणं चालायचं म्हणे, एक शब्द न बोलता. दादा वारले त्याला दोन वर्षं झाली. पण बाईंनी रीत मोडली नाही. चार आवर्तनं वाजवायच्या आणि दादाच्या चारांसाठी गप्प बसायच्या, नुसता उजवा पाय जमिनीवर हलके हलके पडत राहायचा.

ऐकणाऱ्यांना हे काय माहीत. जागा रिकामी पडली की धडाधड निरोप यायचे, आवाज गेला, आवाज गेला, इंटरनेट बघा. मग मी लिहायची, आवाज गेलेला नाही, असंच आहे, थांबा. दर खेपेला तेच. तसं लिहून लिहून माझा अंगठा दुखायचा.

आता गुंडीचं सांगते, कारण माझा जीव तिथे अडकलेला होता. गुंडी तेव्हा दहा महिन्यांची. शर्टाच्या गुंडीसारखी गोल, म्हणून गुंडी. तर मी हाक मारली की ती वळायची नाही. मागून टाळी वाजवली, पातेल्याचं झाकण पाडलं, तरी वळायची नाही. हे कामावरून आले आणि दारातून त्यांच्या जाड आवाजात काही बोलले, की कधी कधी मान फिरवायची. मग हे हसायचे. म्हणायचे, ऐकू येतं तिला, फक्त कुणाचं ऐकायचं ते ती ठरवते. सासूबाई म्हणायच्या, बापावर गेलीय, त्यालाही हाक मारली की कुठे ऐकू येतं. सगळे हसायचे. मीही हसायची आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. हॉस्पिटलात एक तपासणी झाली होती, त्यात पोरीने कशालाच दाद दिली नाही. शुक्रवारी पुन्हा बोलावलं होतं. मला रात्रंदिवस एकच, ही पोर माझा आवाज कधी ऐकणारच नाही का?

तर मंगळवारी मी बाईंना विचारलं, गुंडीला बाहेरच्या खोलीत झोपवू का, मध्येच रडली तर सगळ्यांना ऐकू जाईल. बाई म्हणाल्या, "इथेच बसव, माझ्या पायाशी. रडली तर रडली. जॅझमध्ये खपतं."

मी सतरंजी पसरली. गुंडीच्या हातात लाकडी चमचा दिला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला बाईंनी त्यांचं सकाळचं शास्त्रीय थोडं वाजवलं, वरच्या पट्टीत, भराभर, पाणी सांडावं तसं. माझी नजर मोबाईलवर कमी आणि पोरीवर जास्त. डोक्यावर एवढा गजर चाललेला आणि ती चमचा चोखत बसलेली.

मग जॅझ सुरू झालं. चार आवर्तनं झाली, बाईंनी हात मांडीवर ठेवले. मी सवयीने टाईप करायला अंगठा उचलला, आवाज गेलेला नाही, असंच आहे...

पण कुणी आवाज गेला म्हणून लिहिलंच नाही.

एक निरोप आला. दोन चाळीसला. "आज खाली खर्जात कोण वाजवतंय? काय गोड आहे."

मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. बाईंनी पुन्हा चार वाजवली, पुन्हा थांबल्या. आणखी एक निरोप. मग दुसऱ्याच कुणाचा, मग तिसऱ्याचा. खर्ज सुंदर आहे. खालच्या वाद्यावर कोण आहे, त्यांनाही दाखवा. मी कान टवकारले. खोलीत काही नव्हतं. बाईंच्या पायाचा ठेका, आणि माझ्या छातीतली धडधड. आणि एक वास. कडवट, झाडाच्या चिकासारखा. त्या वाद्याच्या गजाला राळ घासतात, तिचा तो वास. एरवी खोळ झटकताना जरासा यायचा. तेव्हा मात्र असा आला, की आत्ता, या मिनिटाला कुणी घासतंय.

मी खाली बघितलं.

गुंडीने चमचा टाकला होता. एक हात पियानोच्या लाकडी पायावर, आणि मान वळवून ती कोपऱ्यात बघत होती. बाई वाजवायला लागल्या की जराशी वर बघायची. बाई थांबल्या, की मान कोपऱ्याकडे. जिथे काही नव्हतं तिथे. आणि हसत होती. हलकीशी डुलत होती, अगदी बाईंच्या पायाच्या ठेक्यावर.

बाईंनीही ते पाहिलं. त्यांची बोटं चुकली, सकाळ असती तर पहिल्यापासून घेतलं असतं. त्या पुढे गेल्या. आणि मग थांबल्या त्या चार आवर्तनांनी परत आल्याच नाहीत. पाचवं गेलं, सहावं गेलं. तेवढा वेळ ती पोर कोपऱ्याकडे तोंड करून, "अं... अं..." करत, कुणाला तरी उत्तर देत होती.

कार्यक्रम संपला. मी मोबाईल बंद केला. बाई उठल्या नाहीत.

"कुणाकडे बघत होती ती..." बाईंनी अगदी हळू विचारलं.

"बाई, लोक लिहीत होते... खाली कुणीतरी वाजवतंय म्हणून."

"तुला आलं ऐकू?"

"नाही. तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली. "दोन वर्षं मी त्याच्यासाठी जागा सोडतेय," त्या म्हणाल्या, "मला एकदाही नाही आलं."

मला काय सुचलं कोण जाणे, मी कोपऱ्यात गेले आणि खोळीची चेन ओढली. तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. दादा गेल्यावर बाईंनीच त्या सैल केल्या होत्या, ताण राहिला तर लाकूड वाकतं म्हणून. मी बोट लावलं. फट्, एवढाच आवाज. त्यातून सूर निघणं शक्यच नव्हतं. पण लाकडाला हात लागला, तर ते ऊबदार होतं, मघापर्यंत कुणी पोटाशी धरून ठेवल्यासारखं.

मी गुंडीला उचललं आणि घरी पळाले. रात्रभर तिला छातीशी धरून बसले. मेलेल्या माणसाची नजर माझ्या लेकरावर का पडावी? उद्यापासून काम सोडायचं, असं मी यांना सांगूनही टाकलं. पण पहाटे पहाटे दुसरा विचार आला आणि मी उठूनच बसले. ते जे काही होतं, ते असेना का. गुंडी त्याच्याकडे वळली होती. म्हणजे तिला ऐकू आलं होतं. यांचा जाड आवाज, तो खालचा खर्ज, एवढं तिच्यापर्यंत पोचतं. माझा आवाज बारीक, चिमणीसारखा. झाकणाचा तर त्याहून बारीक.

भीती तशीच होती. पण शुक्रवारी हॉस्पिटलात जाताना मी बाईंनाच सोबत नेलं.

तपासणीची खोली बघून मी दारातच थबकले. बंद, गाद्या लावलेल्या भिंती, तीच कोंडलेली शांतता. मी गुंडीला मांडीवर घेऊन मध्ये बसले. दोन बाजूंना दोन स्पीकर. तपासणारी ताई काचेच्या पलीकडे होती, तरुण, हसरी. बाईंनी तिला विनंती केली होती, की या खेपेला खालच्या आवाजापासून सुरुवात कराल का. ती म्हणाली, करू की, मागच्या वेळी बाळ लवकर रडलं म्हणून खालपर्यंत जाताच आलं नव्हतं.

गुंडीने मान वळवली. उजवीकडे. ठाम. मला हुंदका फुटला, मी तोंड दाबलं.

काचेपलीकडून ताईचा आवाज आला, जरा गोंधळलेला. "आई, तुम्ही काही आवाज केलात का? मी अजून सुरूच नाही केलंय..."

मी नाही म्हटलं. गुंडी उजवीकडेच बघत होती, स्पीकरच्या वर, एका उंच माणसाचं तोंड असेल तिथे. हसत होती. मग तो वास आला, अगदी क्षणभर. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण पोरीला मांडीवरून उचललं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, दादा, आता जरा त्यांना करू द्या.

गुंडीने मान सरळ केली. वाट बघत बसली.

मग ताईने आवाज लावले आणि ती खालच्या प्रत्येकाला वळली, डावीकडे तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. वरच्या आवाजांना नाही. ताई बाहेर येऊन म्हणाली, खालचं ऐकू येतंय, वरचं येत नाही, आणि बरं झालं इतक्या लवकर कळलं, यंत्राने बरंच भरून निघेल. बाईंनी ताईसमोरच माझा हात घट्ट धरला.

महिन्याभराने यंत्रं आली. कानामागे वाटाण्याएवढी. ती लावली आणि मी मागे जाऊन, माझ्या त्या चिमण्या आवाजात म्हटलं, "गुंडे..."

ती वळली. माझ्याकडे. असं बघितलं तिने मला, जसं काही मी आत्ताच घरात आले.

आता ती दीड वर्षाची आहे. "आई" म्हणते, "बा" म्हणते, आणि सासूबाईंनी हाक मारली की मुद्दाम ऐकत नाही. मी काम सोडलं नाही. रात्री झोपवताना यंत्रं काढून ठेवावी लागतात. मग तिला माझं बोलणं कळत नाही. मी दिवा बारीक करते, थोपटते. आणि कधी कधी ती माझ्या खांद्यावरून मागे, वर, बघत राहते, अंधारात, आणि हळूहळू डुलायला लागते. पूर्वी मी मागे वळून बघायची. आता बघत नाही.

हे वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या पुढेही सांगा. तुमचं बाळ हाकेला वळत नसेल तर कुणाच्या हसण्यावर जाऊ नका, लगेच कान तपासून घ्या, आणि खालचे, वरचे सगळे आवाज लावून बघायला सांगा. दुसरी बाईंसाठी. त्या अजून मंगळवारी दुपारी वाजवतात आणि मध्येच थांबतात. त्यांना अजूनही काही ऐकू येत नाही. तुम्हाला आलं, तर एक ओळ लिहून कळवा, मोबाईल माझ्याकडेच असतो, मी त्यांना वाचून दाखवते. आणि मोबाईल बंद केल्यावरही तुमच्या खोलीत तो आवाज चालू राहिला, तर घाबरू नका. थोडा वेळ गप्प बसा. दादांची चार आवर्तनं होऊ द्या.