चिठ्ठीची मागची बाजू

ती चिठ्ठी तुम्हीच फाडलीत, साहेब. वाळवीवर ढकलू नका. वाळवी पट्टी लावून सरळ रेषेत फाडत नाही.

मी कोण, हे तुम्हाला आठवणार नाही. वाळलेल्या वनस्पतींचे नमुने जाड कागदावर शिवणारी तळमजल्यावरची बाई. शाळा अर्ध्यात सुटली. गवतांची नावं शिवता शिवता वाचायला शिकले. नऊ वर्षं तुमच्या संग्रहालयात सुई चालवली, तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्याने पाहिलं. तेही भांडायला आला म्हणून.

बाहेर आभाळ भरलेलं, खोलीत डांबरगोळ्यांचा वास, आणि दारात हा... बाहीला कुसळं चिकटलेली, हातात मी शिवलेला कागद.

"हिची जीभ शिवलीत तुम्ही," तो म्हणाला.

मला वाटलं, माणूस कामातून गेला. मग त्याने भिंग माझ्या हातात दिलं. पान जिथे काडीला बिलगतं, तिथे एक पातळ पापुद्रा असतो. ती गवताची जीभ. ती दिसली नाही तर एकसारखी दोन गवतं वेगळी ओळखणं कठीण. मी नेमका तिच्यावरूनच दोरा घेतला होता.

"मुकी झाली तर बिघडलं कुठे? दिसते तर छान."

"छान सगळ्याच दिसतात. ओळख पटायला हवी ना..."

— आणि बघतच राहिला. गवताकडे नाही.

मग रोज काहीतरी खुसपट काढून खाली यायचा. बारा वर्षं एकाच जातकुळीच्या गवतांमागे घालवलेला माणूस. सगळे त्याला गवत्या म्हणायचे. माझ्या आईने तर विचारलंच, त्याच्याशी लग्न करून काय चरायला जाणार आहेस? मी ते त्याला सांगितलं, तर हसून हसून त्याला ठसका लागला.

नमुन्याबद्दल कुणाचं नवं मत झालं की कागदावर छोटी चिठ्ठी चिकटवतात. जुनी चिठ्ठी काढायची नाही, ती चूक असली तरी. चुकीच्या शेजारी बरोबर लिहायचं आणि दोन्ही राहू द्यायचं, हा तुमच्याच विद्येचा नियम, त्यानेच शिकवलेला. मी चिठ्ठीच्या फक्त वरच्या कडेला डिंक लावायचे. तो प्रत्येक चिठ्ठी नखाने उचलून बघायचा.

"विश्वास नाही का माझ्या डिंकावर?"

"आहे हो. पण खाली यायला निमित्त लागतं."

मग ते तुमचं गवत निघालं. ज्याच्या जोरावर तुमच्या नावाचा डंका वाजला, ते 'नवं' गवत नवं नव्हतंच. साठ वर्षांपूर्वीच कुणी त्याला नाव देऊन गेलं होतं. त्याने जुन्या आणि तुमच्या, दोन्ही नमुन्यांच्या जिभा ताडून पाहिल्या, त्यांच्या कडेचे केस मोजले आणि तसं चिठ्ठीवर लिहिलं. तुम्ही त्याला बोलावून सांगितलंत, हे मागे घे, नाहीतर बदली.

त्या शनिवारी तो चेहरा पाडून खाली आला. "जन्म गवतात काढला," म्हणाला, "पण दाती तृण धरायला नाही शिकलो." चिठ्ठी चिकटवायला माझ्या हातात दिली, आणि हात मागे घेतलाच नाही.

"बदली झाली तर... याल माझ्याबरोबर? सोमवारपर्यंत सांगा. काही बोलला नाहीत, तर तेच उत्तर समजेन. दुसऱ्यांदा विचारून तुम्हाला अवघडवणार नाही."

एरवी चुरूचुरू बोलणारी मी समोरचीच डिंकाची बाटली शोधत बसले. तो गेल्यावर मी चिठ्ठी उलटी केली आणि मागे लिहिलं — येईन. चरायलासुद्धा. मग नेहमीसारखा वरच्या कडेला डिंक लावून कागद कपाटात ठेवला. सोमवारी तो नखाने उचलणारच होता.

रविवारी आई जिन्यावरून पडली. सोमवारी मी दवाखान्यात.

मंगळवारी त्याच्या टेबलावर दोन गंजक्या टाचण्या होत्या, बाकी काही नाही. कपाटांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. सोमवारी दार उघडताच तुम्ही आलात, तो यायच्या आधी. पट्टी मागितलीत. दुपारी त्याच्या हातात हुकूम. जाण्याआधी तो दोनदा खाली येऊन माझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघून गेला. मामांना काही विचारलं नाही. कसं विचारेल, शब्द दिला होता त्याने.

त्याला कुठे पाठवलं, ते ऑफिस सांगत नाही. गोपनीय आहे म्हणे. गवत ओळखणाऱ्या माणसाची बदली गोपनीय.

कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे? कुठल्याशा कोपऱ्यात तो माझा नकार उशाशी घेऊन झोपत असेल, आणि तो नकार मी दिलेलाच नाही.

त्याचं मत मला तोंडपाठ आहे. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात ते नव्या चिठ्ठीवर उतरवलंय. या वेळी डिंक नाही, दुहेरी दोरा, आणि टाके तुमच्या गवताच्या काडीभोवतून घेतलेत. आता फाडायची तर आपलं गवतही फाडावं लागेल.

एकच विचारते. फाडण्याआधी ती चिठ्ठी उलटून बघितली होतीत का? त्या दुपारी तो तुमच्यासमोर सही करायला उभा होता, तेव्हा तुम्हाला माझं उत्तर ठाऊक होतं का?

हो की नाही, ते लिहून द्या. आणि खाली त्याचा पत्ता.