वस्तीला आलेलं घड्याळ

शनिवारी दुपारी कारखाना सुटला तेव्हा तिच्या पिशवीच्या तळाशी घड्याळ होतं, त्यावर तिच्या तान्ह्या बोक्याची दुपटी आणि सगळ्यांत वर किलोभर कांदे. कांद्यांखाली कुणी हात घालत नाही, असं मिस्त्रींनी शिकवलं होतं. बस वेळेवर आली, बसायला जागाही मिळाली. दिवस अगदी साधा होता.

घड्याळ चोरलेलं नव्हतं. ते तिच्याकडे वस्तीला निघालं होतं. त्या कारखान्याची रीतच होती तशी. प्रवासात न्यायच्या घड्याळाचा नवा नमुना तयार झाला की पहिला नग कुणातरी कामगाराच्या घरी आठ दिवस राहायला जायचा. मिस्त्री म्हणायचे, सून काय नि घड्याळ काय, घरात नांदल्याशिवाय खोड कळत नाही. सात दिवस सकाळी आठला पूर्ण चावी द्यायची, तीही एकाच माणसाने. आठव्या दिवशी द्यायची नाही. घड्याळ आपसूक बंद पडेल ती वेळ कार्डावर लिहायची, की झालं. एकाच माणसाने का, ते मिस्त्री नीट सांगत नसत. घड्याळ हाताला लागतं, एवढंच म्हणत. हात बदलला की ते पहिल्याला सोडतं आणि दुसऱ्याला धरतं.

हा नमुना मात्र कारखान्याच्या डोक्यातून आलेला नव्हता. मालकांनी त्यासाठी बाहेरून एक नावाजलेला आखणीकार आणला होता. किटल्या, दिवे, खुर्च्या, सगळं तो कागदावर आखायचा आणि मोठमोठ्या घरांत ते जायचं. कारखान्यातल्या बायका त्याला चिमटा म्हणायच्या, कारण वस्तू असो की माणसाचा हात, तो दोन बोटांच्या टोकांनी धरायचा आणि लगेच रुमाल काढायचा. घड्याळ सुंदर होतं, नाही कोण म्हणेल. साबणाच्या वडीएवढं, कडा गोल, तबकडी काळी, झाकण मागे दुमडलं की त्याचाच टेकू. मागे काही उठून दिसू नये म्हणून चावीसुद्धा सुटी.

पण टिकटिक त्याला नको होती. श्रीमंत माणूस परक्या गावात, परक्या खोलीत एकटा झोपतो, त्याला शेजारी कुणी झोपलंय असं वाटलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. कारागिरांनी डोक्याला हात लावला.

त्याच दिवसांत सासूबाईंना ताप आला म्हणून ती सात महिन्यांच्या बोक्याला कारखान्यात घेऊन गेली होती. टेबलाखाली रिकाम्या खोक्यात त्याला निजवलं होतं. चिमटा येऊन खोक्यापाशी उकिडवा बसला. अर्धा तास बसला. मिनिटाला तीस श्वास, असं त्याने वहीत लिहिलं. मग तिला विचारलं, तुला जाग कशाने येते? एवढा मोठा माणूस आपल्याला विचारतोय म्हणून ती हुरळली आणि खरं ते बोलून गेली.

"आवाजाने नाही येत, साहेब. ह्याचा श्वास जरा अडला ना, की मी टक्क जागी."

चिमट्याने तेही लिहून घेतलं. तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला.

आणि घड्याळ तसंच बनलं. आत चामड्याचा नखाएवढा भाता बसवला. तो हलके भरायचा, हलके रिता व्हायचा. मिनिटाला तीस. गजराची वेळ झाली की आधी भाता थांबायचा, मग थोड्या वेळाने घंटा. भात्याची बारीक स्प्रिंग तिनेच बसवली, कारण तिची बोटं लहान.

घरी दोन खोल्या. ती, बोक्या आणि सासूबाई. नवरा लांबच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचा. रविवारी सकाळी आठला तिने पहिली चावी दिली आणि घड्याळ फळीवर ठेवलं. सासूबाईंनी लांबूनच नाक मुरडलं. घरात खाणारी तोंडं कमी होती म्हणून श्वास घेणारं आणखी एक आणलंस का, म्हणाल्या.

दुपारी बोक्या निजला. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं होतं, गल्ली सामसूम होती, कुठेतरी ओल्या कपड्यांचा कुबट वास येत होता. ती पाळण्याशी बसून दुपटं शिवत होती. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की खोलीत दोन श्वास आहेत आणि ऐकू मात्र एकच येतोय. फळीवरचा भाता भरला की पाळण्यातलं पोट वर. भाता रिता झाला की पोट खाली. केसाचाही फरक नाही.

मनाचे खेळ, म्हणून तिने पदराने तोंड पुसलं. बोक्या उठला, खेळला, रांगला. श्वास तसाच. मग भूक लागून रडला. पोर रडत होतं तेही मोजून. एक हुंदका, एक थांबा. एक हुंदका, एक थांबा. त्याला काखोटीला मारून ती गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं. तीस. परत मोजलं. तीस.

सोमवारी कार्डात गजराची तपासणी होती. तिने टाळायचं ठरवलं, पण सोमवारच्या अकराचा गजर कारखान्यातूनच लावलेला आला होता. अकरा वाजले आणि भाता थांबला. तिने वळून पाहिलं. बोक्या हातात चमचा घेऊन बसला होता. चमचा हातातच, डोळे उघडे, आणि छाती... छाती दगडासारखी. तिने त्याला उचललं, हलवलं, पाठीवर थोपटलं. ओठ कडेने काळसर व्हायला लागले. मग घंटा वाजली. तिने फळीवर हात आपटून खटका दाबला, भाता सुरू झाला आणि पोराने ओढून श्वास घेतला.

डॉक्टरांनी पोराला उलटंसुलटं करून तपासलं. मूल ठणठणीत आहे, तुम्हीच जरा झोप घ्या, म्हणाले. सासूबाईंनी परतीच्या वाटेवर ऐकवलं की सातवी शिकलेल्या बाईला घड्याळाचं काम दिलं की हे असं होतं.

मंगळवारी ती घड्याळ घेऊन कारखान्यात गेली. मिस्त्रींनी कार्ड बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, मधेच परत घेता येत नाही, पोरी, हात बदलेल. तेवढ्यात मागून चिमटा आला. तिने धीर करून सगळं सांगितलं. त्याला धक्का बसला नाही. त्याने वही काढली.

"म्हणजे धरलं घड्याळाने. हात आईचा, माप पोराचं," तो म्हणाला. "किती वेळात धरलं? पहिल्याच दिवशी?"

"साहेब, आठव्या दिवशी ते बंद पडणार..."

"पडणारच."

"मग माझ्या पोराचं..."

"वेळ नीट लिही. मिनिटासकट."

ती घरी आली ती मनाशी ठरवूनच. नोकरी गेली तर गेली. चावी आपल्याकडे आहे, आपण रोज देत राहायचं, बोक्याला मिशा फुटेपर्यंत देत राहायचं. उशीखाली चावी ठेवून ती झोपायची आणि तासातासाला चाचपायची. शनिवारी सातवी चावी देताना तिचा डोळा पाळण्याकडेच होता, पीळ मोजतानाच ती चुकली.

रविवारी सकाळी पावणेआठला दार वाजलं. चिमटा होता. तिने दार लावायच्या आत त्याचा बूट उंबऱ्यावर आला होता.

"चावी," तो म्हणाला आणि दोन बोटं पुढे केली.

तिने नाही म्हटलं. तो उशीपर्यंत गेला, जणू त्याला ठाऊकच होतं, आणि चावी उचलली. मग घरातल्या एकुलत्या खुर्चीवर बसला, घड्याळ समोर स्टुलावर ठेवलं, कार्ड मांडीवर घेतलं. एक पूर्ण चावी तीस तास पुरायची, ते भरायला दुपारचे दोन वाजणार होते.

ते सहा तास तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पाया पडून झालं. चावी हिसकायला गेली तर त्याने ती मुठीत घेतली आणि शांतपणे सांगितलं की झटापटीत घड्याळ पडलं तर तेव्हाच थांबेल. ते ऐकून ती जागच्या जागी बसली. सासूबाईंनी सुरुवातीला टोमणे मारले. पाहुण्या, बूट काढून बसायची रीत तुमच्या आखणीत नाही का, म्हणाल्या. पण बारानंतर त्यांनी नातवाकडे नीट पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. त्या उठून पाळण्याला टेकून उभ्या राहिल्या.

एक वाजला. भाता जड झाला. भरायला वेळ, रितं व्हायला त्याहून वेळ. खोलीत उकाडा होता आणि तापल्या चामड्याचा वास. बोक्या तिच्या मांडीवर होता, रडत नव्हता, हलत नव्हता, नुसता तिच्या तोंडाकडे बघत होता. एक श्वास... ती वाट बघायची... मग दुसरा.

"साहेब, अर्धा पीळ द्या... फक्त अर्धा..."

"आकडा बिघडेल."

दोनला अजून वीस मिनिटं होती आणि भाता मिटला. पुन्हा उघडलाच नाही.

मांडीवरचं ओझं एकदम वेगळं वाटलं. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. आणि त्या क्षणी, कसं कोण जाणे, तिचं डोकं थंडगार झालं. ती ओरडली नाही. तिने चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारखान्यात एखादा नग बाजूला काढताना बोलायची तसं म्हणाली,

"तीस तास भरले नाहीत. आत अडकलंय. आखणीत खोट आहे, साहेब."

चिमट्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. असं होणारच नाही, म्हणाला. मिस्त्री कार्डावर तेच लिहितील, ती म्हणाली. घड्याळ अडकलंय की स्प्रिंग उतरलीय हे बघायची एकच तऱ्हा असते, शिकाऊ पोरांनाही माहीत असते. किंचित चावी देऊन बघायची. त्याने घड्याळ दोन बोटांनी उचललं, मागे चावी घातली आणि अर्धा पीळ दिला.

भाता उघडला.

बोक्याने टाहो फोडला. आडवातिडवा, बेताल, एका दमात तीन हुंदके, मधेच ठसका. असं वेडंवाकडं रडणं आठ दिवसांत तिने ऐकलं नव्हतं. तिने त्याला छातीशी गच्च धरलं आणि मग खुर्चीकडे पाहिलं.

चिमटा ताठ बसला होता. हात शर्टाच्या बटणांवर. भाता भरला की त्याची बटणं वर, रिता झाला की खाली. तान्ह्या पोराच्या मापाचे बारके बारके श्वास, एवढ्या मोठ्या माणसाच्या छातीत. त्याला बोलायचं होतं, पण शब्दाला पुरेल एवढी हवा आत जात नव्हती. त्याने घाईघाईने आणखी चावी दिली, पूर्ण दिली, पीळ संपेपर्यंत. मग घड्याळ दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि अनवाणी चालावं तसा पाऊल न वाजवता जिना उतरून गेला.

कार्ड खुर्चीवरच राहिलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

पुढे कळलं ते मिस्त्रींकडून. साहेब खोलीतून बाहेर येत नाहीत. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं. सकाळी आठला आतून चावी फिरवल्याचा आवाज येतो, तेवढ्यावरून माणसं समजतात काय ते. तिने ऐकून घेतलं. तिला दया आली नाही. बोक्याच्या पोटावर हात ठेवून ती रोज मोजायची. कधी सव्वीस, कधी बत्तीस, कधी अठ्ठावीस. तो गोंधळ ऐकत तिला कधी नव्हे ती गाढ झोप लागायला लागली.

तीन आठवड्यांनी टपालाने नवी आखणी आली. अक्षर चिमट्याचंच. घड्याळ आता जरा मोठं होतं, भाताही मोठा. मिस्त्रींनी कागद तिच्यासमोर पसरला. कोपऱ्यात जिथे आकडा लिहायची जागा होती तिथे लिहिलं होतं, मिनिटाला अकरा. हा कुणाचा श्वास, मिस्त्रींना कळेना. पोराचा नाही आणि साहेबांचाही आता नाही, म्हणाले. कुणाकडे वस्तीला ठेवायचं तेही कागदावर नव्हतं.

घरी येऊन तिने सासूबाईंना काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, मी जरा पडते, झोप लागली की माझा श्वास मोजा. पूर्वीच्या सासूबाई असत्या तर चार शब्द ऐकवले असते. आता त्या उशाशी बसल्या.

ती उठली तेव्हा ऊन उतरलं होतं.

"अकरा," सासूबाई म्हणाल्या. "तीनदा मोजले. तिन्ही वेळा अकराच."

घड्याळ तर अजून नुसतं कागदावर होतं. मग तिने मुद्दाम, मधेच, एक जादा श्वास घ्यायला तोंड उघडलं. तोंड उघडलं... नाकपुड्या फुलल्या... पण छाती काही हलली नाही. पुढच्या श्वासाची वेळ अजून व्हायची होती.